टोक नसलेली सुई

मी चिडका माणूस आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. जळगावच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत असे. प्रयोग फसला की वर्ग आधी माझ्या तोंडाकडे बघे आणि मग उपकरणाकडे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, म्हणायची, "देवानं तुझ्या नाकावर राग असा ठेवलाय की चष्म्याला जागाच उरली नाही." चष्मा माझा कायम घसरायचा, हे मात्र खरं आहे.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, वडील त्याआधीच गेले होते, आणि अक्काचं लग्न ठरलेलं होतं. तिनं सासरच्या मंडळींना निरोप धाडला की आंदणात भांडी कमी आली तर चालवून घ्या, पण हा भाऊ माझ्याबरोबर येईल. धुळ्याचं ते घर भलं निघालं. मी तिथंच वाढलो, तिथंच शिकलो. तिला मूलबाळ झालं नाही. पुढे मेव्हणेही गेले. मी जळगावला नोकरीला लागलो तरी ती धुळ्याचं घर सोडायला तयार नव्हती. "तुझ्याकडे येऊन रोज तुझा आरडाओरडा कोण ऐकेल?" असं ती म्हणे, आणि मला ते बोलणं ऐकायला फार आवडे.

महायुद्ध चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. सुटीत धुळ्याला गेलो तर अक्का भिंतीला धरून चालत होती. कित्येक महिने अंगावरून जात होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच. भावाला असलं काय सांगायचं, म्हणून गप्प. मी इतका ओरडलो की शेजारची माणसं दारात आली. ती शांतपणे म्हणाली, "झालं ओरडून? आता पाणी पी." दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घातली. धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून जळगाव. सगळी वाट ती खिडकीतून कपाशीची काळी रानं बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो.

जळगावच्या दवाखान्यातले डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, किडकिडीत, हळू बोलणारे. त्यांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, मास्तर. कापण्यात अर्थ नाही. पण रेडियमनं बरी होईल. अजून वेळ गेलेली नाही."

रेडियम म्हटल्यावर माझे कान टवकारले. वर्गात त्यावर मी तासभर बोलत असे, प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी ते मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाकडून थोड्या दिवसांच्या बोलीवर मागून आणलं होतं, स्वतः मांडीवर घेऊन. शिशाची एक जड डबी, आत प्लॅटिनमच्या तीन बारीक कांड्या. प्रत्येकीची लांबी बोटाच्या पेरापेक्षा कमी, दोन्ही टोकं बोथट, एका टोकाला नेढं, आणि नेढ्यात रेशमी दोरा, बाहेर ओढून काढता यावी म्हणून. रेडियम आत बंद. इंग्रजीत तिला काय म्हणत असतील ते म्हणोत, डॉक्टरांनी तिचं मराठी केलं 'सुई'. नेढं आहे, दोरा आहे, तर सुईच. त्या वेळी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

डॉक्टरांना या विषयाची गोडी होती. अमेरिकेत आता म्हणे एक यंत्र निघालंय, त्यात कण गरगर फिरवून आदळवतात आणि साध्या धातूतून औषधाला चालेल असं किरण सोडणारं द्रव्य काढतात. "एक दिवस असं येईल मास्तर, की रेडियम कुणाकडे मागायला नको," ते म्हणाले. मी म्हटलं, "तो दिवस येईल तेव्हा येईल, तुम्ही आधी माझ्या बहिणीचं बघा." ते हसले. माझ्या बोलण्याचा राग न येणारी जी चार माणसं मला आयुष्यात भेटली त्यांतले ते एक.

उपचार दोन खेपांचा होता. तिन्ही सुया आत ठेवायच्या, भोवती जाळीच्या कापडाच्या पट्ट्या ठासून भरायच्या, आणि तीन दिवस बाईनं उताणं पडून राहायचं. कूस बदलायची नाही, उठायचं नाही. मग आठवडाभर विश्रांती आणि पुन्हा तेच. दोन्ही खेपा झाल्या तरच उपयोग. एकीवर थांबलं तर गाठ परत वर डोकं काढणार, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं आणि मी अक्काला चारदा.

पहिली खेप अक्कानं काढली. उभ्या आयुष्यात दुपारी कधी आडवी न झालेली बाई तीन दिवस छताकडे बघत पडली. ओकाऱ्या झाल्या, पाठ भरून आली, डोळ्यांतून पाणी नुसतं कानांत जायचं. सुया काढल्या त्या दिवशी तिनं माझा हात धरला. "भाऊ, झालं ते पुरे. पुन्हा नको." मी म्हटलं, "वेडी आहेस का? पुढच्या शनिवारी दुसरी खेप, मग घरी." तिनं हात सोडला. मला वाटलं, समजली.

मधल्या दिवसांत त्याच सुया शेजारच्या खाटेवरच्या बाईला लावल्या, तिची ती दुसरी खेप. ती शिरपूरकडची, तरणी, दोन लेकरांची आई. तिच्यासोबत तिची सासू होती. तिला सगळा वार्ड आजीच म्हणे. आजी व्हरांड्यात तीन दगडांवर भाकरी थापायची, आणि उरलेला सगळा वेळ चिंध्या जोडून काही ना काही शिवत बसायची. गोधडी, टोपडं, सुपारीचा बटवा. हात रिकामा दिसला की तिला चुकल्यासारखं होई. अक्काची आणि तिची गट्टी जमली. अक्का धुळ्याच्या पेठेतलं बोलायची, आजी गावाकडचं, आणि दोघी मिळून वार्डातल्या प्रत्येकाची नक्कल करायच्या. माझी तर सगळ्यात आधी.

गुरुवारी सकाळी सुनेच्या सुया काढल्या. ताटलीत दोनच आल्या.

डॉक्टरांना वाटलं तिसरी आत राहिली असेल. पुन्हा तपासलं. नाही. तोवर रक्ताळलेल्या पट्ट्यांची बादली आया घेऊन गेली होती. लढाईमुळे नव्या पट्ट्या मिळत नव्हत्या. जुन्याच उकळून, धुऊन, मागच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घालायच्या आणि पुन्हा वापरायच्या. आयेनं नेहमीसारखं सगळं करून टाकलं होतं. पट्ट्या वाळल्यासुद्धा. जळगावचं चैत्रातलं ऊन, तिथं कापड वाळायला कितीसा वेळ लागतो!

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "सुई पाहिली का कुणी? दोरा ओवलेली सुई?" आयेनं नाही म्हटलं. नर्सनं नाही म्हटलं. अक्कानं नाही म्हटलं. आजी म्हणाली, "सुई? नही बा. मन्ही सुई मन्हापाशी शे. दुसरी काही मी दखी नही." आणि आपल्या पदराला टोचलेली सुई काढून दाखवली.

शाळा सुटल्यावर मी पोचलो तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसले होते. "मास्तर, तीन नसतील तर दुसरी खेप देता येणार नाही. हरवली म्हणून कळवावं लागेल, आणि कळवलं की उरलेल्या दोन लगेच परत मागवतील. शनिवार दुपारपर्यंत मी कळवत नाही. तोवर काय ते करा."

म्हणजे माझ्या हातात दीड दिवस होता. गटार उपसलं, राख चाळली, अंगणातला पाचोळा बोटांनी चिवडला. अंधार पडला तसा थांबलो. घरी जाताना मेहरूणच्या तळ्याकडून वारा येत होता आणि अचानक माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, मी विज्ञानाचा मास्तर ना? मग हातानं काय चिवडत बसलोय?

माझ्या प्रयोगशाळेत एक बरणी होती. काचेची बरणी, तोंडाला लाखेचं बूच, बुचातून खाली उतरलेली पितळी काडी, आणि काडीच्या टोकाला चिकटवलेली सोन्याच्या वर्खाची दोन नाजूक पानं. काचेची कांडी रेशमावर घासून वर टेकवली की पानांत वीज जाते आणि ती एकमेकांपासून फाकून उभी राहतात. हवा कोरडी असेल तर बराच वेळ तशीच राहतात. पण जवळ रेडियम असलं तर हवाच फितूर होते, वीज पळून जाते, पानं मिटतात. म्हणजे बरणी घेऊन दवाखानाभर फिरायचं, आणि जिथं पानं भरभर मिटतील तिथं खणायचं. इतकं सोपं! मुलांना हे मी दरवर्षी शिकवायचो, आणि स्वतःला आठवायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

शुक्रवारी सकाळी शाळेला रजा टाकून बरणी छातीशी धरून दवाखान्यात गेलो. आधी डॉक्टरांच्या खोलीत करून बघितलं. शिशाची डबी उघडली, आणि दोन हात अंतरावरून पानं मिटली. डॉक्टरांनी टाळीच वाजवली. अक्कानं निरोप पाठवला की मलाही बघायचंय. म्हणून बरणी वार्डात नेली, तिच्या उशाजवळच्या तिवईवर ठेवली आणि कांडी घासून टेकवली.

पानं उघडली आणि लगेच मिटली. पुन्हा घासली. उघडली, मिटली. तिसऱ्यांदा तेच.

आता कुणीही म्हणेल, अहो मास्तर, मग तिथंच शोधा की! पण माझं डोकं शिकलेलं होतं ना. दमट हवेत ही पानं टिकत नाहीत हे मला पक्कं ठाऊक, आणि अक्काच्या खिडकीला वाळ्याचा पडदा टांगलेला, त्यावर आया दर तासाला पाणी मारणार. झालं! माझ्या डोक्यात राख गेली. "हा पडदा काढा! आत्ताच्या आत्ता काढा! या ओलीत काय कप्पाळ दिसणार!" आया काढेना, तर मीच ओरबाडून काढला आणि उन्हात फेकला. घटकाभरात वार्डाची भट्टी झाली. बायका पदरानं वारा घेत मला शिव्या देऊ लागल्या. आजीनं तर सरळ विचारलं, "मास्तर, तुले घाम येत नही का रे?"

हवा कोरडी झाली. पानं तरी मिटतच होती. अक्का उशीवर टेकून बरणीकडे एकटक बघत होती. "भाऊ," ती म्हणाली, "हे मिटतं म्हणजे काय होतं म्हणालास?"

"म्हणजे यंत्र बिघडलंय," मी खेकसलो.

"मघाशी डॉक्टरांकडे चांगलं होतं ना?"

"अक्का, तू पड बरं. तुला यातलं कळत नाही."

ती पडली. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी बरणी घेऊन अंगणात गेलो. तिथं पानं छान उभी राहिली. गटाराशी उभी, राखेच्या ढिगाशी उभी, वाळवणाच्या दोरीखाली उभी. परत वार्डात आणली की अक्काच्या उशाशी मिटली. मी काय ठरवलं माहीत आहे? पानाला बारीक चीर गेली आहे. कधी धरतं, कधी सोडतं. दुपार त्या विचारात गेली आणि मी नवा वर्ख आणायला निघालो.

वर्ख ठोकणारे चाचा मशिदीच्या मागच्या गल्लीत बसत. चामड्याच्या पानांमध्ये चांदी ठेवून दिवसभर हातोडा चालवायचे. मिठाईवाले चांदीचा वर्ख नेत. सोन्याचा फक्त वैद्यांसाठी, कुणी सांगितलं तरच. मी धडधडत आत शिरलो तसा त्यांनी हातोडा थांबवला. "मास्तर, गुस्सा बाहेर ठेवून आत या. तुम्ही जोरात बोललात की माझं सोनं उडतं." मी श्वास आवरून काय झालं ते सांगितलं. बहिणीचं ऐकल्यावर त्यांनी एक डबी पुढे ओढली. एका वैद्यासाठी ठोकलेली पानं डबीत होती, त्यांतली दोन मोरपिसानं उचलून त्यांनी कागदात ठेवली. "वैद्यबुवा दोन दिवस थांबतील. बहन को पहले." मी नुसता चष्मा सारखा केला.

शाळेत जाऊन नवी पानं चिकटवली. तीन वेळा करावं लागलं. पण जमलं. प्रयोगशाळेत पानं अशी ताठ उभी राहिली की मी एकटाच शाबास म्हणालो.

शनिवारी सकाळी दवाखान्यात आलो. पडदा नव्हता, फरशी कोरडी, हवा भाजलेली, पानं नवी. आता बहाणा एकही शिल्लक नव्हता. आजी सुनेचं बोचकं बांधत होती, दुपारच्या गाडीनं त्या घरी जाणार होत्या. अक्का उशीला टेकून बसली होती. रात्री झोपली नसावी. मी बरणी तिवईवर ठेवली. कांडी घासली. टेकवली.

पानं उघडली आणि मिटली.

मी खाली फरशीवर बसलो. मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. रडू आलं. चाळिशीचा माणूस, शाळेचा मास्तर, बायकांच्या वार्डात भर सकाळी खाटेच्या पायाला धरून रडायला लागलो. "मला जमत नाही गं अक्का," मी म्हटलं. "जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि तुझ्या वेळेला हे मेलं मला सापडत नाही. तू गेलीस तर मी कुणावर ओरडू? मला दुसरं आहे तरी कोण?"

मग अक्काचा हात माझ्या डोक्यावर आला. दुसरा हात तिनं वर केला, खाटेच्या डोक्याशी खुंटीवर एक चिंध्यांचा रंगीबेरंगी बटवा लटकत होता तो काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"घे," ती म्हणाली. "तुझं यंत्र चांगलं आहे, भाऊ. ते कालपासून खरं बोलतंय. तूच ऐकत नाहीस."

मी बटव्याचं तोंड उघडलं. आत दोन सुपाऱ्या, आणि प्लॅटिनमची ती कांडी, नेढ्यात रेशमाऐवजी निळ्या सुताची गाठ.

आजी पुढे झाली. "हाई काय? हाई ते नाडा घालानी काडी शे! दोरीखाले पडेल व्हती. नेढं शे, टोक नही. म्हन्तं, कोन्ही बाईनी पडनी व्हई. बटवाले नाडा घाला आनि त्यामाच ठेई दिधी, अक्काले देवाले." मी म्हटलं, "आजी, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू या शिकलेल्या माणसाचं डोकंच फिरलंय. "त्यास्नी सुई इचारी. सुईले टोक ऱ्हास. काडी इचारी असती ते लगेच दिधी असती."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या खान्देशात कुठल्याही घरात जा, चड्डीला, परकराला, बटव्याला नाडा घालायची एक बोथट काडी असतेच, आणि तिला कुणी सुई म्हणत नाही. शिकलेल्या दोघांनी एका काडीला सुई म्हटलं आणि दवाखानाभर सुई शोधत बसलो. गुरुवारी दुपारी आजीनं बटवा पुरा करून अक्काला भेट दिला होता, शेजारधर्म म्हणून, आणि मी दोन दिवस त्याच्या खाली बरणी ठेवून वाळ्याच्या पडद्यावर ओरडत होतो.

मी अक्काकडे बघितलं. "तुला कधी कळलं?"

"काल. पहिल्यांदा पानं मिटली तेव्हाच. म्हटलं, डॉक्टरांच्या डबीपाशी मिटली आणि माझ्या उशाशी मिटली, तर माझ्या उशाशी नवीन काय आहे? बटवा चाचपला. हाताला लागली." तिचा आवाज बारीक झाला. "आणि मी गप्प बसले."

"का?"

"भ्याले रे. पुन्हा ते तीन दिवस. म्हटलं, शनिवार टळू दे, मग देईन. मग कुणी मला परत झोपवणार नाही." ती रडत नव्हती, मान खाली घालून नखानं चादरीची शिवण उकरत होती. "मरायचं भ्या कमी वाटलं, त्या पडून राहण्याचं जास्त. लाज वाटते सांगायला."

इतक्या वर्षांत अक्काला कशाची भीती वाटते हे मी पहिल्यांदा ऐकलं. आई गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्या वेळीही भ्याली असणार, आणि कुणाला सांगितलं नसणार. मला ओरडायचं होतं. माझ्या सवयीप्रमाणे तोंड उघडलंही होतं. पण निघालं ते वेगळंच निघालं. मी म्हटलं, "या खेपेला तीन दिवस मी इथून हलणार नाही. शाळा गेली खड्ड्यात. तू छताकडे बघशील तेव्हा मीही छताकडेच बघीन."

"आणि ओरडणार नाहीस?"

"ओरडेन. डॉक्टरांवर."

ती हसली. मग म्हणाली, "जा. देऊन ये. माझं मन बदलायच्या आत जा."

मी बटवा हात लांब करून धरला आणि डॉक्टरांच्या खोलीकडे जवळजवळ पळत गेलो. त्यांनी चिमट्यानं कांडी उचलली, भिंगाखाली फिरवून बघितली, कुठे चीर नाही ना याची खात्री केली आणि डबीत तिच्या दोन बहिणींशेजारी ठेवली. मग खुर्चीत बसून रुमालानं गळा पुसत राहिले. थोड्या वेळानं ते माझ्याबरोबर वार्डात आले, दारात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "मास्तरांच्या बरणीनं शोधून काढली!" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.

माझ्याआधी अक्का बोलली. "हो तर," ती म्हणाली. "दोन दिवस झोपला नाही माझा भाऊ." आणि माझ्याकडे बघून तिनं डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

त्या दुपारी दुसरी खेप झाली. तीन दिवस मी तिवईवर बसून काढले. मोठ्यानं गोष्टी सांगितल्या, बेसूर गायलो, भरीत कसं करायचं यावर तिच्याशी वाद घातला. मधेच ती डोळे मिटून म्हणायची, "भाऊ, आता खूप होतंय," आणि मी म्हणायचो, "हो अक्का, खूप होतंय." दुसरं काही सांगता येत नव्हतं. तिलाही तेवढं पुरत होतं. तिसऱ्या दिवशी ताटलीत तीन कांड्या आल्या. डॉक्टरांनी त्या मोठ्यानं मोजल्या, एक, दोन, तीन, आणि अख्ख्या वार्डानं त्यांच्यामागे मोजल्या.

गाठ विरली. अक्का धुळ्याला परत गेली आणि त्यानंतर खूप वर्षं, म्हातारी होईपर्यंत, जगली. माझं मात्र जळगावात नाव झालं. भुसावळपर्यंत लोक सांगत, एका मास्तरानं लोणच्याच्या बरणीनं रेडियम हुडकलं. शाळेनं सत्कार केला. नारळ मिळाला, शाल मिळाली. मी दरवर्षी नव्या वर्गाला ती हकिगत सांगे, आणि दर वेळी त्यात मीच शोधलेली असे. अक्का एकदा त्या वर्गाच्या दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर पदर तोंडाशी धरून हसली आणि निघून गेली.

ती होती तोवर मी तिचा शब्द पाळला. आता ती नाही, म्हणून सांगतो. सुई मी शोधली नाही. जिला तिची सगळ्यांत जास्त भीती वाटत होती, तिनं ती माझं रडू बघून स्वतःच्या हातानं मला दिली.